कानाशी

बुटाची नाडी सुटली होती, एवढंच सांगायचं होतं. बालकलाकारांची कामं बघणाऱ्या एजंटबाईंच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर प्रॉम्प्टर आणि त्याचा पोरगा बसले होते. शेजारी दुसरीच कुणी आई आपल्या दोन गुटगुटीत मुलांना गप्प बसवण्याच्या खटपटीत होती. इतक्या लोकांत ‘अरे, नाडी बांध’ असं ओरडायला नको, म्हणून प्रॉम्प्टर पोराच्या कानाशी वाकला. त्याचे ओठ अजून उघडलेही नव्हते. पोराची मान नेहमीसारखी एका बाजूला कलली, पापण्या लवल्या आणि डोळे भरून आले. आधी डावा, मग उजवा. मग नाकाचा शेंडा लाल झाला, खालचा ओठ किंचित पुढे आला. सगळं अगदी क्रमानं. कॅमेरा नव्हता, दिवे नव्हते, कुणी ‘ॲक्शन’ म्हटलं नव्हतं. प्रॉम्प्टर वाकला होता तसाच राहिला. नाडीचं वाक्य त्याच्या तोंडातच होतं आणि आता ते बाहेर काढायची त्याला भीती वाटली. ‘काय हो, ओरडलात का त्याला?’ शेजारच्या आईनं विचारलं. ‘छे हो, सर्दी झालीय,’ तो म्हणाला. मग खाली बसून त्यानं स्वतःच नाडी बांधली, पुन्हा सुटू नये म्हणून वर आणखी एक गाठ मारली, आणि तेवढा वेळ पोराच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

त्याला सगळे प्रॉम्प्टर म्हणत, जरी प्रॉम्प्टिंग सुटून वर्षं लोटली होती. ऐन उमेदीचा काळ त्यानं एका नाटक कंपनीत विंगेतल्या स्टुलावर बसून काढला होता; मांडीवर नाटक, एक डोळा कागदावर आणि एक नटाच्या गळ्यावर. नट अडखळणार हे नटाच्या आधी त्याला कळायचं. गळ्याची घाटी वर जाऊन तिथंच थबकली की हा विंगेतून शब्द सोडायचा, असा की पहिल्या रांगेला ऐकू जाऊ नये आणि नटाला मात्र तो आपल्याच डोक्यात उगवला असं वाटावं. टाळ्या नटाला. एकदा नायिकेची जीभ मरणाच्या प्रवेशातच अडखळली तेव्हा त्यानं तिला सबंध पान शब्दाशब्दानं पुरवलं होतं. प्रेक्षागृहात नाकं शिंकरल्याचे आवाज येत होते, आणि स्टुलावर बसल्या बसल्या त्याला ओरडावंसं वाटत होतं, अरे, मी रडवतोय तुम्हाला, मी! शेवटी सगळी मंडळी हातात हात घालून पुढे गेली, वाकली, पडदा पडला, आणि दिवेवाल्यानं त्याला स्टूल उचलायला सांगितलं. पुढे नटांच्या कानात बटणाएवढी यंत्रं आली, आणि त्यानंतर कंपनीनंच गाशा गुंडाळला. बायको हॉस्पिटलात नर्स होती म्हणून घर चाललं. तो पोर सांभाळायचा, भांडी घासायचा आणि कुणी ‘सध्या काय चाललंय?’ विचारलं की रस्ता बदलायचा.

हे कानात सांगणं सुरू झालं ते जखमेवर लावायच्या पट्टीच्या एका जाहिरातीत. पोरगा तेव्हा शाळेतही जात नव्हता. जुना दिवेवाला आता जाहिरातींत काम करायचा, त्यानं ‘घेऊन ये, गोड दिसतो’ म्हटलं म्हणून नेला होता. गुडघ्याला लाल रंग फासून पोरांना एकामागून एक रडायला लावत होते आणि एकही धड रडत नव्हतं. एक हसत सुटला, एकीनं रंग चाटून बघितला. ग्लिसरीन घातलं तर डोळे नुसते चकाकायचे, चेहरा कोरडा ठणठणीत. दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला तेव्हा प्रॉम्प्टर पुढे झाला. ‘मी सांगून बघू का?’ तो पोराच्या कानाशी वाकला आणि त्याच जुन्या, विंगेतल्या आवाजात म्हणाला, ‘आई आपल्याला सोडून गेली. ती आता घरी येणार नाही.’ पुढच्या क्षणी जे झालं ते त्याच्या अंगावर आजही येतं, आणि लाज वाटण्याऐवजी आजही आधी सुखच वाटतं. कॅमेरामन जवळजवळ ओरडलाच, ‘नाक बघा, नाक! लाल झालं! ग्लिसरीननं नाक लाल होत नाही!’ शॉट झाल्यावर त्यानं पोराला उचलून घेतलं, खोटं होतं रे, गंमत केली, आई ड्यूटीवर आहे, म्हणून पाठ थोपटली. पोरगा घरी जाईपर्यंत त्याच्या शर्टाचं बटण धरून होता. त्या दिवसापासून युनिटवाल्यांनी पोराचं नाव ‘नळ’ ठेवलं. ‘नळ आला का? सोडा मग.’ बाप अर्थातच प्लंबर. तोही त्यांच्याबरोबर हसायचा. प्लंबर म्हणून का होईना, लोक त्याची वाट बघत होते.

पण दुःख विटतं, हे त्याला लवकरच कळलं. एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगितलं की धुऊन धुऊन कपड्याचा रंग जावा तसं होतं. आईचं जाणं काही महिने चाललं, मग पोरगा नुसताच गंभीर व्हायला लागला. मग प्रॉम्प्टर नवीन शोधायला लागला, आणि शोधता शोधता साठवायला लागला. जिन्यात एक लंगडी मांजर यायची. पोरगा तिला आपल्या ताटातलं नेऊन घालायचा. ती गाडीखाली आली तेव्हा प्रॉम्प्टरनं तिला गुपचूप उचलून नेलं, घरी कुणाला चकार शब्द बोलला नाही, आणि एका मालिकेत वाढदिवसाचा केक पायदळी तुडवला जाण्याचा प्रसंग आला तेव्हा ती बातमी ताजी ताजी वापरली. त्यानंतर समोरच्या घरातला दोस्त. दोघांचं सगळं एकत्र चालायचं, अगदी पडलेले दातसुद्धा एकमेकांना दाखवून झाले होते. त्याच्या वडिलांची बदली झाली. निघायच्या दिवशी तो दोस्त आपला भोवरा घेऊन दारात उभा राहिला. ‘काका, तो आहे?’ ‘झोपलाय रे.’ खरंच झोपला होता. हाक मारली असती तर उठला असता. प्रॉम्प्टरनं भोवरा घेतला, कपाटावर ठेवला आणि पोरगा उठल्यावर म्हणाला, ते सगळे गावाला गेलेत, येतील. पुढच्या शूटिंगला, दिवे लागल्यावर, त्यानं कानात सांगितलं, ‘तो कायमचा गेला. तुला भेटायला आला होता. तू झोपला होतास.’ इतकं सुंदर रडणं आजवर कुणी टिपलं नव्हतं म्हणतात. त्यातलं ‘तू झोपला होतास’ हे आपल्याला ऐन वेळी सुचलं याचा त्याला कित्येक दिवस अभिमान वाटत होता. पोरगा मात्र त्यानंतर दुपारी झोपेनासा झाला.

आणि आता नाडी. आतल्या दारामागं कुणीतरी फोनवर हसत होतं. प्रॉम्प्टर बाकावर बसून हिशेब जुळवत होता, कारण हे त्याला नवं होतं. गेल्या काही शॉट्समध्ये डोळे लवकर भरत होते हे त्यानं पाहिलं होतं. पोरगा तयार होत चाललाय, असं त्यानं धरलं होतं. पण शब्दाशिवाय? त्याला भीती वाटत होती आणि त्या भीतीच्या तळाशी काहीतरी चक्क आनंदी होतं. शब्द लागत नसेल तर नवीन दुःख शोधायला नको. मांजरं मरायची वाट बघायला नको. हे पोराच्याच भल्याचं नाही का? एजंटबाईंची वेळ बायकोनं घेतली होती. ‘दुसऱ्यांच्या मुलांना एजंट असतात,’ ती म्हणाली होती. ‘आपल्याला त्यातलं काय कळतं? निदान भेटून तरी ये.’ तिला त्यानं कधी सांगितलं नव्हतं तो कानात काय बोलतो ते. तिनं एकदा विचारलं होतं. ‘धंद्यातलं गुपित,’ तो म्हणाला होता आणि दोघंही हसले होते.

एजंटबाई वयानं त्याच्याएवढ्याच, चष्मा केसांत खोचलेला, टेबलावर मुलांसाठी लाकडी ठोकळे. पोरगा ठोकळ्यांकडे गेला. बाईंनी त्याची सगळी कामं पाहिली होती. ‘छानच करतो,’ त्या म्हणाल्या. ‘कसा रडतो तो?’

‘नैसर्गिकच आहे त्याचं.’

‘दिवा लागल्यावर नैसर्गिक कुणी रडत नाही हो.’ त्या हसल्या नाहीत. ‘तुम्ही कानात सांगता म्हणे. सगळीकडे बोलतात. काय सांगता, ते विचारत नाही मी. माझी पद्धत सांगते. आमच्याकडे मुलांना खोटं रडायला शिकवतात. श्वास कसा घ्यायचा, खांदे कसे हलवायचे. जमायला वेळ लागतो, पण मूल घरी जाताना हसत जातं. सेटवर मुलाबरोबर आमची एक मुलगी असते. आईवडील शॉटच्या वेळी बाहेर.’

‘बाहेर म्हणजे?’

‘बाहेरच्या खोलीत. सोफा असतो, पंखा असतो. चहा मिळतो.’

सोफा आणि पंखा. प्रॉम्प्टरला ते स्टूल आठवलं, विंगेतलं, एक पाय आखूड असलेलं. निदान तिथून रंगमंच दिसत तरी होता. ‘खोटं रडणं लोकांना कळतं बाई,’ तो म्हणाला. ‘नाक लाल होत नाही.’

‘नाही होत. त्याला रंग लावता येतो.’ बाईंनी चष्मा केसांतून काढून टेबलावर ठेवला. ‘हे बघा, मुलाला एजंट हवा का, हे ठरवायला तुम्ही आलात. कामं मिळवायला म्हणाल तर नकोच. कामं तर त्याच्या दारात येताहेत. मी असते तर त्यातली निम्मी परतवली असती. एजंट हवाय तो तुमच्यात आणि त्याच्यात कुणीतरी उभं राहायला.’

हे इतक्या साध्या आवाजात आलं की प्रॉम्प्टरला ते लागायला थोडा वेळ लागला. मग कानशिलं तापली. बाप आहे मी त्याचा, असं काहीसं तो बोलणार होता. पण नाटकात इतके बाप हे वाक्य बोलून गेले होते की त्याची त्यालाच शिसारी आली. बोलण्यापेक्षा दाखवलेलं बरं. ‘बघायचंय?’ तो म्हणाला. ‘काय सांगतो ते बघायचंय? या, जवळ या. ऐका हवं तर.’ त्यानं पोराला हाक मारली. पोरगा हातात ठोकळा घेऊन आला. प्रॉम्प्टर त्याच्या कानाशी वाकला आणि ओठ घट्ट मिटून, बाईंना दिसतील असे मिटून, नुसता थांबला. मान कलली. डावा डोळा, उजवा डोळा. नाकाचा शेंडा. ‘एक अक्षर बोललो का मी?’ प्रॉम्प्टर ताठ उभा राहत म्हणाला. ‘ह्याला त्रास म्हणतात का?’

बाईंचा चेहरा उतरला होता आणि तो त्यांनी लपवलाही नाही. मग त्या खुर्चीतून उठून पोरासमोर गुडघ्यांवर बसल्या, आपल्या रुमालानं त्याचे गाल टिपले आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलल्या. प्रॉम्प्टर पुढे झुकला. ही पण? हिला पण जमणार? पोरानं सगळं नीट ऐकून घेतलं, त्यांच्या कानातल्या डुलाकडे बघितलं, आणि भरलेले डोळे हळूहळू कोरडे होत गेले. काहीही झालं नाही. ‘नाही ना आलं?’ प्रॉम्प्टर म्हणाला, आणि आपला आवाज किती मोठा आलाय हे त्यालाच जाणवलं. नायिकेच्या मरणाच्या प्रवेशानंतर आज पहिल्यांदा त्याची छाती भरून आली होती. जगात दुसऱ्या कुणालाही हे येत नव्हतं. ‘आम्हाला एजंट नको,’ तो म्हणाला आणि पोराचा हात धरून निघाला. दारापाशी बाईंनी आपलं कार्ड पुढे केलं. त्यानं घेतलं नाही. ते पोराच्या खिशात गेलं असेल तर त्यानं पाहिलं नाही.

जिना अरुंद होता, भिंतीला ओल्या चुन्याचा वास. पोरगा एकेक पायरी दोन्ही पायांनी उतरत होता, अगदी लहान असताना उतरायचा तसा. ‘काय म्हणाल्या रे तुला त्या?’

‘म्हणाल्या, तुला रडायचं नसेल तर रडू नकोस.’

‘मग?’

‘मग नाही रडलो.’

‘आणि मी तर काहीच बोललो नव्हतो,’ प्रॉम्प्टर हसत म्हणाला. त्याला हे पोराच्या तोंडून ऐकायचं होतं. ‘माझ्या वेळी बरं रडलास?’

पोरगा कठड्याला धरून थांबला. बाबाला एवढंही कळत नाही याचं त्याला नवल वाटलेलं दिसलं. ‘तू वाकलास की मी आधीच रडतो ना,’ तो म्हणाला. ‘म्हणजे मग तुला सांगावं लागत नाही.’

प्रॉम्प्टर तिथंच, मधल्या पायरीवर उभा राहिला. त्याला लाज वाटली. नुसतं वाईट नव्हे, तळपायापर्यंत लाज वाटली, कुणीतरी भर रस्त्यात कपडे उतरवावेत तशी. हे पोर त्याला वाचवत होतं की स्वतःला, हेही त्याला कळेना. वरचं दार अजून उघडं होतं, बाईंचा फोनवरचा आवाज ऐकू येत होता. चार पायऱ्या चढून जायचं आणि म्हणायचं, बाई, घ्या ह्याला, मी सोफ्यावर बसतो. बस, एवढंच वाक्य. तो एक पायरी चढलादेखील. मग त्याला पंख्याखालचा तो सोफा स्पष्ट दिसला, तिथं बसलेल्या इतर आया, कुणीतरी विचारणार, ‘तुम्ही काय करता?’ उद्या शूटिंग होतं. पहिला मोठा सिनेमा होता. नट अडखळला की प्रॉम्प्टर त्याला वाक्य देतो. प्रॉम्प्टरच अडखळला तर विंगेत दुसरं कुणी नसतं. तो पायरी उतरला. खाली त्यानं पोराला आइस्क्रीम घेऊन दिलं. पोरानं ते मजेत खाल्लं, थेंब बुटावर सांडले. आपण किती साधी माणसं आहोत, असं प्रॉम्प्टरला उगाचच वाटून गेलं.

बायको ड्यूटीवरून आली होती, पाय गरम पाण्यात घालून बसली होती. ‘काय म्हणाल्या?’

‘वाटा फार मागतात,’ तो म्हणाला.

‘असू दे की. बाहेरचं एक माणूस असलेलं बरं रे. आपल्या लक्षात येत नाहीत गोष्टी.’ ती पायांकडे बघत होती. ‘हा आजकाल सकाळी उठला की आधी दाराशी जातो. माझ्या चपला आहेत का बघतो. मग दात घासतो. परवा मी चपला धुऊन गॅलरीत वाळत घातल्या तर केवढा थरथरत उभा होता. कशानं होत असेल असं? दाखवायचं का कुणाला?’

‘लहान मुलं करतात असं,’ प्रॉम्प्टर म्हणाला. दोस्ताचा भोवरा शेवटी पोराच्या हाती आला होता; शेजारच्या खोलीतून त्याचा आवाज येत होता. तिनं आणखी काही विचारलं असतं तर त्यानं कदाचित सांगितलं असतं, असं तो स्वतःला पुढे बरेच दिवस सांगणार होता. तिनं पाय पुसले आणि ती स्वयंपाकाला उठली.

सकाळी सेटवर एक खोटं घर उभं केलं होतं. पुढची भिंत, दार, दाराला कुलूप. शाळेतून आलेल्या मुलाला घर बंद दिसतं आणि त्याला कळतं की आता उघडायला कुणी नाही, एवढाच प्रसंग. पोरगा पाठीला दप्तर लावून उभा राहिला. दिवे लागले. प्रॉम्प्टर आपल्या जागेवरून आला, वाकला. मान कलली, डोळे भरले, नाक लाल झालं. त्यानं ओठ हलवलेही नाहीत. वाकल्या वाकल्या त्यानं पोराकडे पाहिलं तर भरल्या डोळ्यांनी पोरगा त्याच्याकडे बघून अगदी बारीक हसला. दोघांचं काहीतरी ठरलेलं असावं तसं. प्रॉम्प्टरलाही हसू आलं. असं चालणार होतं. असं कितीही वर्षं चाललं असतं, कुणाला काही झालं नसतं.

‘कट. गोड आहे,’ दिग्दर्शक म्हणाला. ‘पण हे तर आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. नुसतं पाणी. मला आवाज पाहिजे. पोटातून हुंदका यायला पाहिजे. ऑडिशनला आला होता तसा. नाहीतर राहू दे, त्या दुसऱ्या मुलाला बोलवा.’ मागून कुणीतरी म्हणालं, ‘अहो प्लंबर, आज प्रेशर कमी आहे!’ सगळं युनिट हसलं. मेकअपवाली हसली, चहावाला हसला. जुना दिवेवाला वर शिडीवर होता, तोही हसला. प्रॉम्प्टर त्यांच्याबरोबर हसायला गेला आणि त्याला हसता आलं नाही. पाठीवर ते सगळे डोळे होते. दुसरं मूल खरंच आलेलं होतं, कोपऱ्यात आईजवळ बसून केळं खात होतं.

तो पुन्हा वाकला. पोराची मान कलली, डोळे पुन्हा भरले, त्यानं जोर करून खांदेही हलवून पाहिले. ‘झालं ना बाबा,’ तो पुटपुटला. ‘रडलो ना मी.’ त्याचा छोटा हात प्रॉम्प्टरच्या शर्टाच्या बटणाशी आला. प्रॉम्प्टरकडे नवीन काही नव्हतं. मांजर वापरून झाली होती, दोस्त वापरून झाला होता, आई विटली होती. फक्त एक गोष्ट होती, कालचीच, जिन्यातली, कुणी हात न लावलेली. ती आपल्याकडे आहे हे त्याला कालच, त्या पायरीवरच, लाज वाटत असतानाच कळलं होतं. तो विंगेतल्या आवाजात, शांतपणे, एकेक शब्द सुटा करून म्हणाला,

‘आता तू आधी रडलास ना, तरी मी सांगणार.’

क्षणभर काहीच झालं नाही. पोरगा त्याच्याकडे बघत राहिला. मग बटण सुटलं. मग तो आवाज आला. आवाज नोंदणाऱ्या माणसानं कानावरचे हेडफोन झटक्यात उचलले. दिग्दर्शक ‘कट’ म्हणायला विसरला. पोरगा कुलपाशी गेला, दारावर कपाळ टेकवलं, आणि ते खोटं दार त्याच्या हुंदक्यांनी हलत राहिलं. शेवटी कुणीतरी कॅमेरा थांबवला. मग दिवेवाल्यानं शिडीवरून टाळी वाजवली, दिग्दर्शकानं वाजवली, आणि बघता बघता सगळं युनिट टाळ्या वाजवायला लागलं. ‘वा प्रॉम्प्टर!’ कुणीतरी ओरडलं. प्लंबर नव्हे, प्रॉम्प्टर. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं ज्या उजेडाच्या कडेला तो बसला होता त्यात त्यानं एक पाऊल टाकलं, हात जोडले, आणि पडद्याच्या वेळी नट वाकतात तसा तो किंचित वाकला.

दारापाशी उभ्या असलेल्या पोरानं ते पाहिलं, आणि दोन्ही हातांनी आपले कान घट्ट झाकून घेतले.